भावी नगरसेवकाच्या चेहऱ्यावर बसलेली मुलं

तुमच्या लेकीच्या हातातलं पुस्तक कुणी लाथ मारून गटारात उडवलं, तर तुम्ही काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच दिलेली उत्तरं मला पाठ आहेत. 'आम्ही हे खपवून घेणार नाही' हे वाक्य मी अक्षरं जुळवायला लागले तेव्हापासून वाचत आले आहे. माझे वडील छापखान्यात कामाला होते. तिथं मोर्च्यांची, संपांची, सभांची पत्रकं छापली जात आणि शाई फिसकटलेले कागद वडील घरी घेऊन येत. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली असत, डब्यातली भाकरी पत्रकात गुंडाळलेली असे, शाळेच्या पुस्तकांना कव्हरंही पत्रकांचीच. जगातलं प्रत्येक लिखाण 'बंधूंनो आणि भगिनींनो'नं सुरू होतं आणि उद्गारचिन्हानं संपतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. वाक्य साध्या पूर्णविरामानंही संपतं, आणि ते कुणाला काही करायला न सांगता नुसतं एका माकडाबद्दलही असू शकतं, हे मला वाचनालयात कळलं.

वाचनालय म्हणजे येरवड्यातल्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची मागची खोली. पुढं लग्नं, बारशी, दहावे होतात. मागं शटर आहे, शटरच्या आत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांत पुस्तकं. सकाळी म्हातारी माणसं पेपर वाचायला येतात. संध्याकाळी मुलं येतात. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी वस्ती ताई म्हणते. माझी आई म्हणते, मीही म्हणते. मी तिथंच वाढले आणि आता कॉलेज संपवून, दिवसाची नोकरी करून, संध्याकाळी तिथंच ताईंच्या हाताखाली पुस्तकं देते-घेते.

वाचनालयात शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे येऊन बघावं. आमच्याकडे पुस्तकासाठी झिंज्या उपटतात. समुद्रातल्या प्राण्यांचं एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं. दोन पोरींनी ते दोन बाजूंनी असं ओढलं की देवमाशाचं डोकं एकीच्या घरी गेलं आणि शेपूट दुसरीच्या. ताईंनी दोघींना समोर बसवून दाभण आणि जाड दोरा हातात दिला. "फाडलंत ना? शिवा आता. आणि शिवताना बोट टोचलं तर ओरडायचं नाही, मासा पण नाही ओरडला." शिवण इतकी वाकडी झाली की देवमासा त्या पानावर कायमचा मान मोडून पडला. पण पुस्तक फिरत राहिलं.

मुलं येतात ती नुसती वाचायला येत नाहीत, हे मोठ्यांना माहीत असतं आणि मोठे ते बोलत नाहीत. कुणाच्या घरी बाप पट्टा काढून बसलेला असतो. कुणाच्या गल्लीत दोन टोळ्यांचं काही तरी चाललेलं असतं आणि आई सांगते, मी येईपर्यंत वाचनालयात थांब. गाड्यांच्या काचा फुटल्याचा आवाज आम्हाला फटाक्यांपासून वेगळा ओळखता येतो. कोयते हवेत फिरवत गेलेली पोरं आम्ही टीव्हीवर बघत नाही, दारातून बघतो. म्हणून ताईंचे नियम दोनच. चपला बाहेर. आणि आत कुणी कुणावर हात उगारायचा नाही. झिंज्या उपटल्या तरी लगेच सोडायच्या.

चपला बाहेर काढायच्या, कारण मुलं खाली बसतात, आणि खाली फ्लेक्स अंथरलेला असतो.

फ्लेक्सबद्दल सांगायला हवं. पुण्यात ज्याला काहीच होता आलेलं नाही, तो भावी होतो. आमच्याकडचा एक गेली कित्येक वर्षं भावी नगरसेवक आहे. त्याच्या वाढदिवसाला चौकात त्याचा दुमजली फ्लेक्स लागतो. मधे तो, गॉगल लावून, गळ्यात साखळ्या, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांच्या रांगा, पासपोर्ट फोटोएवढी तोंडं. वाढदिवस उलटला की वारा फ्लेक्स फाडतो आणि वस्ती तो वाटून घेते. कुणी पत्र्यावर टाकतं, कुणी मोरीला आडोसा करतं, कुणी त्यावर कुरडया घालतं. अख्खी वस्ती या माणसाखाली झोपते, याच्याआड आंघोळ करते. आमच्या वाचनालयाची फरशी गार आणि ओली, म्हणून त्याच्या दोन-तीन वाढदिवसांवर आमची मुलं बसतात. कायम चेहरा खाली, पांढरी बाजू वर. कुणी ठरवून केलं नव्हतं. पांढऱ्या बाजूवर खडूनं लिहिता येतं, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात फरशीच्या ओलीनं फ्लेक्सच्या खालच्या बाजूला बुरशी धरली. मुलांना खोकला व्हायला लागला. एका रविवारी ताई म्हणाल्या, "काढा सगळं बाहेर, घासून टाकू." आम्ही फ्लेक्स समाजमंदिरापुढच्या सिमेंटवर नेले, छापील बाजू वर करून पसरले, कपडे धुण्याची पावडर टाकली, खराटे घेतले. मुलांना फेस आणि निसरडं मिळाल्यावर काय होणार? धावत यायचं आणि गॉगलपासून जोडलेल्या हातांपर्यंत घसरत जायचं. एक बारका तर पोटावर घसरला आणि साखळ्यांवर थांबून ओरडला, "ताई, मी सोन्यावर आलो!" ताई हसल्या. मीही हसले. दोन वर्षांत इतकं हसले नसेन.

रस्त्यावरून कुणी तरी ते मोबाईलवर घेतलं. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या स्टेटसवर होतं, वर एक गाणं चढवलेलं आणि खाली लिहिलेलं: 'भाऊंची धुलाई'.

संध्याकाळी ते आले.

मोटरसायकली आधी ऐकू आल्या. शटर अर्धं खाली होतं, पाऊस आत येऊ नये म्हणून. कुणी तरी त्यावर लाथ घातली आणि पत्रा असा किंचाळला की सगळी मुलं एकदम मांडण्यांच्या मागं गेली. कुणाला शिकवावं लागलं नाही. आमच्या मुलांना कुठं लपायचं ते माहीत असतं.

सहा-सात जण असतील. तोंडाला रुमाल. रुमालाचा काही उपयोग नव्हता, चाल ओळखू येते. पुढं जो होता तो आमचाच. माझ्याहून लहान. याच खोलीत माझ्या शेजारी बसून भुताच्या गोष्टी मोठ्यानं वाचायचा, सगळ्यांना घाबरवायचा आणि मग स्वतःच दिव्याखाली सरकायचा. आठवीनंतर तो येईनासा झाला. आता तो फ्लेक्सच्या शेवटच्या रांगेत असतो, पासपोर्ट फोटोएवढा. त्या दिवशी सकाळी मुलं त्याच्यावरूनही घसरली होती.

त्याच्या हातात कोयता होता.

त्यांनी पहिला घाव माणसावर घातला नाही. मांडणीवर घातला. पुस्तकात कोयता घुसतो तेव्हा लाकडासारखा आवाज येत नाही. ओल्या जाड पोत्यावर मारल्यासारखा येतो. मग कोयता अडकतो, आणि तो ओढून काढताना सगळी रांग खाली कोसळते. एकानं टेबल उलटं केलं. एकानं गणपतीत मुलांनी बनवलेले कागदी प्राणी दोरीसकट खाली ओढले आणि बुटानं चिरडले. "नाद करता काय भाऊंचा? पाय देता काय तोंडावर?" मांडणीमागून एक पोर हुंदका गिळत होतं, तो आवाज मला सगळ्या आवाजांच्या वर ऐकू येत होता.

आणि तेव्हा ताईंनी ती चूक केली.

दुसऱ्या कुणी हात जोडले असते, कुणी पोलिसांना फोन केला असता, कुणी पळालं असतं. ताईंनी त्याच्या पायाकडे बघितलं आणि त्याला घरच्या नावानं हाक मारून, रोजच्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या, "अरे, चपला बाहेर काढ आधी."

तो थांबला. खरोखर थांबला. कोयता वर तसाच राहिला आणि त्यानं मान खाली घालून स्वतःचे पाय पाहिले. मी शपथेवर सांगते, त्याचा उजवा अंगठा चपलेच्या पट्ट्यातून निसटायला लागला होता.

मागचा एक जण फिसकन हसला. "जा भावा, काढून ये. टीचर रागावल्या."

मग सगळेच हसले.

त्या हसण्यानं घात केला. ताईंनी त्याला सहज परत बोलावलं होतं, आणि तो येऊ लागला होता, आणि त्याच्या लोकांनी ते पाहिलं होतं. त्याचा चेहरा रुमालाच्या वर जो दिसत होता तेवढा काळा पडला. कोयता उलटा फिरवून, बोथट बाजूनं, त्यानं सगळ्या ताकदीनं हात खाली आणला. ताईंनी तोंडापुढं हात धरला. मनगटाचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडते तसा.

शटर ओढायचा लोखंडी आकडा दाराशी टेकवलेला असतो. तो माझ्या हातात कधी आला हे मला माहीत नाही. मी त्याच्या कानावर मारला. एकदाच, पण दोन्ही हातांनी. तो मांडणीवर आदळला, कानातून रक्त आलं, मानेवरून शर्टात गेलं. मी पुन्हा उचलला. ताई जमिनीवरून ओरडल्या, "टाक तो! आत नाही, सांगितलंय ना!" मोडलेला हात पोटाशी धरून त्या मला नियम सांगत होत्या. मी टाकला नाही. पण मारलाही नाही. त्याच्या साथीदारांनी त्याला ओढत बाहेर नेलं, गाड्या सुरू झाल्या, गेले.

त्या घावाचा मला पश्चात्ताप नाही. अभिमानही नाही. पत्रकांतल्या लढ्यात रक्त नेहमी लाल असतं. ते गरम आणि चिकट असतं, आणि ते ओळखीच्या माणसाचं असेल तर बोटांवरून लवकर जात नाही, हे तिथं लिहिलेलं नसतं.

चौकीत माझं म्हणणं ऐकून घेणारे हवालदार वयस्कर होते आणि दमलेले होते.

"मॅडम, तुम्हाला त्यांचा फ्लेक्स धुवायला कुणी सांगितला होता?"

"बुरशी आली होती."

"मग टाकून द्यायचा."

"टाकला असता तर अपमान झाला नसता?"

"तुम्ही वाद घालू नका. त्या पोराच्या कानाला टाके पडलेत. त्यांचीपण तक्रार आहे तुमच्यावर. आता दोन्हीकडून आहे म्हटल्यावर काय करायचं? मिटवून घ्या, अहो. शिकलेल्या आहात."

पाहिलेलं कुणीच नव्हतं. समोरचा गिरणीवाला म्हणाला, गिरणी चालू होती, काही ऐकू आलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, मालिका लागली होती. गिरणीवर त्या वेळी आमची एक मुलगी दळण आणायला उभी होती आणि गिरणी बंद होती, हे मी त्यांना म्हटलं नाही. त्यांनाही इथंच राहायचं आहे.

दोन दिवसांनी भावी स्वतः ताईंच्या घरी आला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आवाज एकदम मऊ. ताईंच्या प्लास्टरकडे बघून त्यानं जीभ चावली.

"ताई, आपण आम्हाला आईसारख्या. पोरं तापट आहेत, मी त्यांना झापलंय. नवीन मांडण्या मी देतो. एसी बसवतो. फक्त एक करू. आपण एक छोटा व्हिडिओ टाकू. झालं ते चुकलं, म्हणायचं. आपण आणि मुलं. विषय कट."

"आणि नाही टाकला तर?" मी विचारलं.

माझ्याकडे न बघता तो ताईंनाच म्हणाला, "समाजमंदिराची कमिटी आपलीच आहे ना. मुलांची सुरक्षितता बघावी लागते. अशा ठिकाणी खोली चालू ठेवणं..." आणि त्यानं हात पसरले, जणू खोली आपोआप बंद होणार होती आणि तो बिचारा थांबवू शकत नव्हता.

खोली गेली असती तर आम्हाला दुसरी जागा नव्हती. वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत माणसंच मावत नाहीत. म्हणून ताई म्हणाल्या, "मागते मी माफी."

मी त्यांच्याशी भांडले, तिथंच, त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत. असं भांडले की खालून लोक वर बघायला लागले. मी म्हटलं, तुमचा हात मोडला त्यांनी. मी म्हटलं, मग मला काय शिकवलंत इतकी वर्षं. माझ्या तोंडून पत्रकं पडत होती, उद्गारचिन्हांसकट. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "झालं? माझी माफी माझ्या तोंडातून जाईल. तुझं त्यात काय जातंय? मला खोली पाहिजे."

समाजमंदिराच्या पुढच्या हॉलमध्ये नवा फ्लेक्स टांगला होता, कोरा करकरीत, रंगाचा वास येत होता. भावीच्या माणसानं मोबाईल धरला. ताई मधे उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "धुवायला मी सांगितलं. तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा." कुठंही टोमणा नाही. मला तो टोमणा हवा होता, मी वाट बघत होते.

"छान," भावी म्हणाला. "आता मुलांनी एकेकानं यायचं, फोटोच्या पाया पडायचं. बारक्यांपासून सुरू करू."

मुलं भिंतीला उभी होती. साखळ्यांवर घसरलेला तो बारका पुढं निघालाही होता, सांगितलं की करायचं या सवयीनं. ताईंनी चांगला हात आडवा धरला.

"पोरं नाही."

"ताई, आता एवढं झालंय तर..."

"माझं झालंय. पोरं कुणाच्या पाया पडणार नाहीत. फोटोच्या तर नाहीच."

"ऑन आहे हां कॅमेरा," मोबाईलवाला म्हणाला.

"असू दे की. घे नीट."

भावी हसला. दात दिसले, डोळे हसले नाहीत. संध्याकाळी आमच्या शटरला आमच्या कुलपाच्या शेजारी दुसरं कुलूप होतं. पुस्तकं आत, आम्ही बाहेर. आम्ही कमिटीच्या कार्यालयात गेलो तेव्हा सांगितलं गेलं की चौकशी चालू आहे. ती आजही चालू आहे.

मुलांच्या घरी गेलेली पुस्तकं तेवढी बाहेर होती. मान मोडलेला देवमासा, काही गोष्टींची, एक रेल्वेच्या इंजिनांचं. तीच घेऊन आम्ही समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसायला लागलो. मग मोटरसायकली यायला लागल्या. समोर थांबायच्या, सायलेन्सरमधून बंदुकीसारखे बार काढायच्या. मुलं कानात बोटं घालून वाचायची. पानं उलटायला हात मोकळे नसायचे, म्हणून एक जण दोघांची उलटायचा. एक दिवस गाडीवरून उतरून एकानं आमच्या एका मुलीच्या हातातल्या इंजिनांच्या पुस्तकाला लाथ घातली. ते गटारात गेलं. मुलगी रडली नाही. तिनं दगड उचलला. नऊ वर्षांची मुलगी, आणि तिनं तो कसा धरला होता ते मी बघितलं. माझ्या हातात तो आकडा असाच असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई आली. ती सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करते. तिनं काही भाषण केलं नाही. मेथीची जुडी आणि परात घेऊन ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, रस्त्याकडे तोंड करून, आणि निवडायला लागली. गाड्या आल्या. तिनं मान वर केली, गाडीवरच्या एकाला ओळखलं.

"काय रे, तुझ्या आईचा गुडघा बरा आहे का?"

"...हाय बरा."

"मग आवाज कमी कर की जरा. पोरं वाचत्यात."

गाडी बंद झाली नाही, पण हळू झाली. मग गेली. पुढच्या दिवशी दोन बाया होत्या. एकीनं लसूण आणला होता. शेजारच्या काकू, मालिकावाल्या, तांदूळ घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता बसल्या.

मी लहानपणापासून वाचलं होतं की अन्यायाविरुद्ध उठलं पाहिजे. बसलं तरी चालतं, हे कुठं छापलेलं नव्हतं. ज्या पायरीवर मोठं माणूस बसलेलं असतं, त्या पायरीवर पोरं लाथ घालायला कचरतात. कारण ते माणूस त्यांच्या आईला ओळखतं.

त्याची धाकटी बहीण येते. कानाला टाके पडले त्याची. वरच्या पायरीवर, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसते. पुस्तक माझ्याकडून घेत नाही, दुसऱ्या मुलीला मागायला लावते. परवा तिनं भुताच्या गोष्टी मागितल्या. त्या कुलपाच्या आत आहेत. मी 'नाही' म्हटलं, ते तिला दुसऱ्या मुलीनं जाऊन सांगितलं.

बायांना रोज येता येत नाही. संध्याकाळची कामं असतात, पाणी असतं, दुखणी असतात. ज्या दिवशी कुणीच मोठं नसतं त्या दिवशी मी मुलांना लवकर घरी पाठवते, ज्या घरांतून ती पळून आलेली असतात त्या घरी. ताईंचं मनगट वाकडं जुळलं आहे. आम्ही अजून पायऱ्यांवर आहोत.

आता माझी मागणी. जुन्या पुस्तकांचे गठ्ठे पाठवू नका, ठेवायला जागा नाही. तो माफीचा व्हिडिओ पुढं पाठवून संताप व्यक्त करू नका, तो पुरेसा फिरला आहे. तुम्ही येरवड्यात राहत असा, सदाशिव पेठेत किंवा आणखी कुठं, तुमच्या घराजवळ मुलांचं एखादं वाचनालय असेल, एखाद्या देवळामागं, एखाद्या जिन्याखाली, एखाद्या मोडक्या खोलीत. ते शोधा. आठवड्यातली तुमची एक संध्याकाळ तिथं द्या. मुलांना शिकवायला जाऊ नका, त्यांना तुमची तेवढी गरज नाही. भाजी निवडा, पेपर वाचा, मोबाईल बघत बसलात तरी हरकत नाही. फक्त दारात बसा, रस्त्याकडे तोंड करून, आणि कुणी लाथ उगारलीच तर त्याच्या आईची चौकशी करा. या आठवड्यापासून जा.